गाडीतला नंदादीप

कास्तानोरी,
१८ सप्टेंबर १९९३

चि. पांदेलीस,
अनेक आशीर्वाद. फोनच केला असता, पण गावातला फोन काफेनिओत, म्हणजे कॉफीच्या दुकानात. तिथे मी एक बोलले की गाव चार ऐकतं.

आपली म्हातारी गाडी काल घाटात बंद पडली. मेंढ्यांच्या ट्रकने ओढून आणली. मेकॅनिक म्हणाला, अल्टरनेटर गेलाय, बॅटरी चार्जच होत नव्हती. समोरचा बॅटरीचा तांबडा दिवा दिसला नाही का, म्हणे. कसा दिसणार? क्रुसाच्या सणाची तुळशीची जुडी सासूबाईंनी नेमकी त्याच्यापुढे खोचलेली. त्यांच्या बाजूने मात्र दिसत होता. त्या मुकाट्याने हात जोडून बसल्या होत्या. का, तर त्यांना वाटलं, त्यांच्या लेकाने, माझ्या झिसीने, देवाघरी जाण्याआधी गाडीतल्या संत ख्रिस्तोफोरोसच्या तसबिरीपुढे नंदादीप लावून ठेवलाय! हसावं की रडावं, तूच सांग.

अखिलेआसने निरोप धाडलाय: गाडी आणखी एकदा बंद पडली तर विकणार, मला थेस्सालोनिकीला स्वतःकडे नेणार आणि आजीला वृद्धाश्रमात ठेवणार. माझाच मुलगा, पण मीही त्याची आई आहे. सासूबाईंना मी त्यांच्या घरातून हलू देणार नाही. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले ती काय मिरवायला?

आता तीन वाटा आहेत. अखिलेआसने चकचकीत खोक्यातला नवा अल्टरनेटर पाठवलाय, खोक्यावर नावगाव काही नाही. भंगारवाल्याकडे एक आहे. नाहीतर आपलाच दुरुस्त करायचा. तू जन्मभर जहाजांवर वायरी जोडल्यास, तूच सांग.

तुझी आठवण काढणारी,
अरेतीताई

वोलोस,
२५ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.
पत्र वाचून आधी पोटभर हसलो, मग काळजीत पडलो.

भाचेबुवांच्या खोक्याला भुलू नकोस. तो जुन्याइतकाच करंट देतो का आणि त्याची पुली पट्ट्याच्या सरळ रेषेत बसते का, एवढं बघ. भंगारातला हाताने फिरवून बघ. कुरकुरला तर नमस्कार कर. आपला उघडायला लाव. कॉइल जळालेली नसेल तर बेअरिंग, ब्रश आणि रेग्युलेटर नवे घाल, आणखी वर्षं काढेल. मग इंजिन चालू ठेवून दिवे, वायपर, हीटर सगळं एकदम लाव आणि बॅटरीवर मीटर धर. साडेतेरा व्होल्टच्या खाली गेला तर जागची हलू नकोस. मेकॅनिक गोड बोलेल. तू मीटरचंच ऐक.

सासूबाईंना नमस्कार. तुझ्या पालकभाजीच्या पाईचा भुकेला,
पांदेली

कास्तानोरी,
१० ऑक्टोबर

चि. पांदेलीस,
अ. आ. खोक्यातला बसेना. मेकॅनिक म्हणाला, कानस मारून बसवतो. मी म्हटलं, माझ्या गाडीला नको, तुझ्या गाडीला मार. भंगारातला फिरवताच खरखरला. आपला उघडला तर कॉइल स्वच्छ, ब्रश मात्र झिजून संपलेले. तू सांगितलंस तसं सगळं नवं घातलं. मीटर पावणेचौदावर राहिला. मेकॅनिक कुरकुरला की एवढ्या उन्हात हीटर कशाला. मी बंद करू दिला नाही.

मग दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेतलं आणि पावसात थेट थेस्सालोनिकी गाठली. वाटभर दिवे, वायपर, हीटर चालू. त्या घामाघूम, मला शिव्या घालतायत. अखिलेआसच्या दारात हॉर्न वाजवला आणि त्याला म्हटलं, गाडी बंद कर आणि तूच चालू कर. पहिल्या किल्लीला सुरू झाली. जेवताना तो म्हणाला, पुढच्या वेळी चेस्टनट घेऊन ये. वृद्धाश्रमाचं नाव नाही.

जिंकले मी. पण परतताना सासूबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, माझ्या लेकाने लावलेला दिवा तू विझवलास. सगळ्यांना पुरून उरले रे, पण त्यांच्यापुढे तोंड उघडेना. झिसी मलाही हवाच होता. काय सांगू त्यांना?

ताई

वोलोस,
२० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. सोबत एक इवलासा दिवा पाठवतोय, पिवळा, तेलाच्या ज्योतीसारखा. तसबिरीखाली बसवून घे. किल्लीबरोबर लागेल आणि किल्लीबरोबरच विझेल असा जोडायला सांग, नाहीतर संतच बॅटरी संपवतील.

सासूबाईंना सांग, झिसीभाऊजींचा दिवा तेल मागत होता म्हणून तांबडा झाला होता. तेल घातलं, आता पिवळा जळतोय. खोटं म्हणशील, पण अल्टरनेटरचं मला तरी याहून वेगळं कळलेलं नाही. मलाही त्यांची फार आठवण येते.

तुळशीची जुडी मागच्या काचेपाशी ठेव. सासूबाईंना मात्र पुढेच बसव, आणि त्यांच्याकडून एवढं पाठ करून घे: पिवळा दिसला की छातीवर क्रूस काढायचा, तांबडा दिसला की बोंब मारायची.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
पांदेली