वाढा रे, वाढा

प्रिय छोट्या,

तू सातव्या महिन्यात जन्मलास, तेव्हा तुझी फुप्फुसं कच्ची होती. दवाखान्यातल्या पेटीच्या काचेला नाक लावून मी त्यांना रोज दटावायचे, “वाढा रे, वाढा!”

आज तुझ्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा लॅबमध्ये माझ्याच टेबलावर आला. तपासणीचा रंग सुरेख चढला म्हणून मी स्लाइड सगळ्यांना कौतुकाने दाखवली. चिठ्ठीवरचं तुझं नाव नंतर वाचलं. कॅन्सरच आहे रे. आईच्या पोटात फुप्फुस वाढवून गप्प बसलेली जनुकं पुन्हा जागी झालीत.

हे पत्र पाठवणार नाही, डॉक्टर सांगतीलच. मी सकाळपासून काचेवर वाकून म्हणतेय, “थांबा रे, पुरे!” पण त्यांना एकच शब्द कळतो, आणि तो मीच शिकवलाय.

तुझी दटावणारी,
ताई