जावळ कुणाच्या मांडीवर

॥ श्री ॥
टोकावडे, ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. चंदा हिस अनंतादादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन मुद्दाम करत नाय. भांडण वाढलं की तू फोन ठेवतेस. पत्र पुरं वाचावंच लागतं. शेजारचा हनुमान आटगावला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

काल बाजारात कळलं की साईनाथचं जावळ माघात काढताय आणि तो बसणार हरेशच्या मांडीवर. भाजीवालीला ठाऊक, थोरल्या मामाला नाय! वा गो बाय! पोर जन्मलं माझ्या घरी. तुला दुपारी झोप मिळावी म्हणून माझ्या छातीवर पडून असायचं. तेव्हा हरेश कुठे होता? बारशाला आला, पेढे खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीने वाशिंदला पळाला.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. भाचा थोरल्या मामाच्या मांडीवर बसतो. भटजी मामाकडून प्राणायाम करवतात, आणि पहिली बट उतरेपर्यंत मामा श्वास रोखून धरतो, म्हणजे मांडी हलत नाय आणि पोराला वस्तरा लागत नाय. यात धाकट्या मामाचं नाव आपल्या बापाने कधी घेतलं नाय.

हरेशने योगाच्या वर्गाला जायला लागल्यापासून शेंडी राखली, म्हणून तो लगेच ऋषी झाला का? माझ्या डोक्यावर शेंडीपुरतेही केस उरले नायत, हा काय माझा गुन्हा? खरं सांगतो, पोटात जळतंय. जळतंय तर जळतंय म्हणायची लाज कसली!

जावईबापूंना नमस्कार. राग संपला असं समजू नकोस, घरात अजून शिल्लक आहे. माया मात्र होती तेवढीच ठेव.

तुझा अनंतादादा


आटगाव, ता. १८ जानेवारी २०२५

ती. अनंतादादास चंदाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. तू हरेशवर लहानपणापासून असाच जळतोस. आईने त्याच्या वाटीत साय घातली की तू ताटावरून उठायचास. डोक्यावरचे केस गेले रे, तरी नजर अजून त्याच्या वाटीतच!

आता नीट ऐक. साईनाथ रडता रडता श्वास कोंडतो. आवाज बंद होतो, ओठ निळे पडतात, अंग ताठ होतं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, श्वास आपोआप सुटतो, मोठा झाला की हे जाईल. पण तेवढ्यात आईचं काय होतं ते त्यांना काय ठाऊक? परवा नुसता कंगवा केसात अडकला तर असं झालं. वस्तरा पाहून काय करेल?

आणि तुझी धाप. भट्टीचा धूर खाऊन खाऊन तुझ्या छातीत शिट्टी वाजते, दोन वाक्यांमध्ये चारदा खोकतोस. मांडी हलली आणि काही झालं तर सासूबाई मला जन्मभर बोलतील, ते जाऊ दे, मीच स्वतःला बोलेन. हरेश श्वास धरला की दगडासारखा बसतो. मला त्या दिवशी दगड हवाय, दादा. अंगडं-टोपडं तुझ्याच हातचं घालू, पंगतीत पहिलं पान तुझं.

प्रेमावहिनीला नमस्कार. रुसून आलास तरी चालेल, पण आल्याशिवाय राहू नकोस, एवढं बहिणीसाठी कर.

तुझी चंदा


टोकावडे, ता. २६ जानेवारी २०२५

चि. सौ. चंदास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोराचं वाचून जीव खालीवर झाला. आधी का नाय सांगितलंस? हरेशला मागेच ठाऊक होतं म्हणे. म्हणजे पोराचं दुखणंसुद्धा आधी त्यालाच कळवायचं!

मी प्राणायाम सुरू केलाय. पहाटे ओट्यावर बसतो. डाव्या नाकपुडीने घेतो, दोन्ही दाबून धरतो, उजवीने सोडतो. शिकवतो कोण ते विचारू नकोस. खोकला पार हटलाय. तेव्हा मांडी माझी. नायतर मी येत नाय, अंगडं-टोपडं हनुमानाच्या हाती पाठवून देईन. दगडच हवा असेल तर तुमच्या आटगावात पुष्कळ पडलेत.

कळावे. आशीर्वाद आहेतच, ते रागाला विचारून देत नाय.

अनंतादादा

चंदाताई, प्रेमाचा नमस्कार. हे कागद ठेवून बाहेर गेलेत तेवढ्यात लिहिते. हे शिकतात ते मोबाईलवर हरेशभावजींच्याच व्हिडिओवरून. भावजी धरा म्हणाले की धरतात, सोडा म्हणाले की शिव्या देतात. काल धरता धरता ओट्यावरून कलंडले, कोंबड्या उडाल्या. खोकला काही हटलेला नाय. तुमी ठरवलंय तेच ठेवा. यांना मी घेऊन येते.


वाशिंद, ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. अनंतादादास हरेशचा सा. नमस्कार, वि. वि.

काल पंगतीत माझ्याकडे बघून मिशीत हसत होतास, ते मी पाहिलं. तू आलास तो मांडवाच्या खांबामागेच उभा राहिलास, म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो.

भटजींनी सांगितलं तशी मी शेंडीला गाठ मारली. प्राणायाम झाले. नवसू न्हाव्याने साईनाथचं डोकं भिजवून वस्तरा उचलला आणि मी श्वास धरला. पोराने वस्तरा पाहिला, किंचाळलं आणि त्याचाही श्वास कोंडला. ओठ निळे पडायला लागले. मी फुंकर मारायला हवी होती, हाक मारायला हवी होती. पण दादा, मी तसाच बसलो! श्वास सोडला तर रीत मोडेल, एवढंच डोक्यात. चंदा ओरडत होती आणि मी दगड.

तेवढ्यात मागून तुझा खोकला. केवढा तो! पोराने मान वळवली, श्वास सुटला, भोकाड पसरलं आणि दोन्ही हात तुझ्याकडे. भटजी मला म्हणाले, सरका. शेंडीच्या जागी नुसता हात टेकवून तू बसलास. श्वास धरलाच नाहीस. छातीची शिट्टी वाजत राहिली आणि पोरगं त्या शिट्टीला कान लावून गप्प. एक ओरखडा नाय. पोराच्या आत्याने केस झेलले तेव्हा सगळा मांडव तुझ्याकडे बघत होता.

मी दर रविवारी लोकांना श्वास शिकवतो, आणि पोर गेलं तुझ्या खोकल्याकडे. झोंबलंय मला. साय मला मिळाली म्हणतोस, मिळाली असेल. पण घरातलं प्रत्येक पोर बिलगतं ते तुलाच. तुझी भावजय प्रियांका म्हणते मी जळतो. हो, जळतो.

एकच सांग. नेमका त्याच वेळी खोकलास कसा? तुला कळलं होतं ना?

वहिनीला नमस्कार. धाकट्यावर असलेला लोभ आता तरी थोडा वाढवावा.

तुझा हरेश


टोकावडे, ता. १५ फेब्रुवारी २०२५

चि. हरेशास दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र प्रेमाला मोठ्याने वाचून दाखवलं. तू जळतोस ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. लई बरं वाटलं.

विचारलंस म्हणून सांगतो. पोराचं काय झालं ते मला दिसलंच नाय, खांब आडवा होता. मला दिसत होती फक्त तुझी शेंडी. तू श्वास धरलास तसा मीही धरला. म्हटलं, मांडी गेली तर गेली, पण याच्यापेक्षा जास्त वेळ धरून दाखवतो. मांडवात आरडाओरडा झाला तो मला तुझं कौतुक वाटला. आणखी जळलो, आणखी धरला. मग डोळ्यांपुढे काजवे चमकले, छाती फुटायला आली आणि खोकला सुटला. हरलो रे मी. तू तेव्हाही धरूनच बसला होतास.

चंदा सगळ्यांना सांगत सुटलीय की थोरल्या मामाला पोराची बरोबर जाण. भटजीही मान डोलावतात. काल टोकावड्यात दोघांनी मला हात जोडले. मीही हात जोडले.

रविवारचा वर्ग झाला की इकडे ये. मला नीट शिकव, व्हिडिओत तू फार भरभर बोलतोस. प्रेमाला साय काढून ठेवायला सांगितलीय. वाटी तुझ्यापुढेच ठेवीन. शेंडी राहू दे, वाईट दिसत नाय. फक्त श्वास कोण जास्त वेळ धरतो, ते चंदाला सांगू नकोस.

तुझा दादा