नातजावयाच्या नाकावर नजर

प्रिय त्रिवेणी,

मोठी अक्षरं काढतेय, तुला मराठी धड वाचता येत नाही म्हणून. तुझा फोन तुझा नवरा बघतो, तेव्हा हे मनीषाच्या हाती देते. मला चक्कर घालवायचे व्यायाम शिकवते ती पोरगी, तुमच्या कुकटपल्लीतच राहते. वाचून फाडून टाक.

धोंड्याच्या जेवणाला तुझ्या बापानं जावई म्हणून प्रशांतचे पाय धुतले, चांदीचं निरांजन दिलं. अनारसे कडक झाले म्हणून त्या मेल्यानं तुझे केस धरून तोंड ताटावर आपटलं. मी मधे पडले, तर पाय धुतलेला पितळी तांब्याच माझ्या कानशिलात हाणला. कानातून रक्त आलं. तुझा बाप त्याला हात पुसायला टॉवेल देत होता! मग तुला त्याच्याच गाडीत बसवून दिलं. दवाखान्यात पोलीस आले, तर तुझा बाप दिगंबर म्हणाला, म्हातारीला चक्कर आली, पडली.

चक्कर तर नंतर आली. उठले की घर गरगरायचं. सगळे म्हणायचे, पडून राहा, कांदा हुंगा. मनीषा म्हणाली, पडून राहिलात तर कायमच्या पडाल. ज्यानं गरगरतं तेच हल्लू हल्लू करायचं, मग डोक्याला सवय होते. समोर एका जागी नजर रोवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. मी तुमच्या लग्नाच्या फोटोतलं त्याचं नाक धरलं. पहिल्याच दिवशी त्या फोटोवर ओकले. तुझ्या आईनं पदरानं पुसला, हौली कुठली, अगदीच खुळी. मग टाचेला अंगठा लावून चालायचं, भिंत धरायची नाही. आपटले, कोपर फुटलं. मनीषाला शिव्या घातल्या, तर म्हणते, द्या की, पण मान हलवत द्या.

काल कुणाचा हात न धरता आपल्या गौलीगुड्यातून चालत ठाण्यात गेले. साहेब म्हणाला, बसा अम्मा. नक्को म्हटलं, उभ्यानंच सांगते. तांब्या सांगितला, तुझे केस सांगितले, तुझ्या बापाचा टॉवेलही सांगितला.

उद्या पोलीस तुझ्या दारी येतील, म्हणून हे लिहिलं. तो शेजारीच उभा असेल, डोळे वटारून. ओठ फुटला तेव्हा बाथरूममध्ये घसरले म्हणाली होतीस, या वेळी तसं म्हणायचं नाही. बोलता आलं तर बोल. वाचा बसली तर सरळ जाऊन त्यांच्या गाडीत बस. बापाचं मी बघते. चपला शोधायला थांबू नकोस.

तुझीच,
जयवंता आजी