पोपटीला कोणती वाइन

रोहा,
दि. ४ जानेवारी

चि. रंभा हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी बरी आहेत. थंडी चांगली पडली आहे, वालाला शेंगा भरपूर लागल्या आहेत. तुझा खोकला कसा आहे ते कळव.

संक्रांत झाली की मी धरमतरला तुझ्याकडे कायमची राहायला येणार, त्याचा दिवस तू फोनवर दोनदा विचारलास आणि मी दोन्ही वेळा वालावर बोलत राहिले. आमच्या घरात फोनवरचं बोलणं सगळ्यांच्या कानावर जातं, म्हणून लिहिते आहे. पण आधी पोपटीचं ऐक. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जितेशच्या धाटावच्या कंपनीतले साहेब थर्टी फर्स्टला आमच्या शेतावर मडक्यातली पोपटी खायला येणार, सोबत त्यांचे पाहुणे, असं त्यानं परस्पर ठरवलं. जितेश अजून कंत्राटावर आहे. त्याला परमनंट करणं साहेबांच्या हातात. साहेबांनी खांब गावाजवळ पाहुण्यांसाठी फार्महाउस बांधलं आहे आणि तिथंच राहून स्वयंपाक बघणारी बाई त्यांना हवी आहे, हेसुद्धा त्यानंच सांगितलं. भाकरी मोडता मोडता, माझ्याकडे न बघता.

"मी रंभाकडे जाणार आहे," मी म्हटलं.

"मावशी काय पळून चाललीय?" तो म्हणाला. "आनी साहेबांना जेवनासोबत वाइन लागते. तू एवढी पुस्तकं वाचतेस, तूच सांग पोपटीला कोनती घ्यायची."

तुझे भावोजी पोपटीच्या दिवशी कुणाला प्यायला देत नसत, तुला आठवत असेल. म्हणायचे, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास घ्यायचा तर नाक शुद्धीवर पाहिजे. त्यांच्या माघारी मी पोपटीला वाइन निवडायला बसले. वाचनालयात द्राक्षशेतीचं एक जाड पुस्तक मिळालं, त्यात शेवटी वाइनवर एक प्रकरण होतं. लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून ती तुरट. पांढरी आंबटसर, थंड करून प्यायची. वाचून चव कळत नाही, म्हणून जितेशला म्हटलं, एकेक बाटली आणून दे.

मग एका दुपारी मी आणि सूनबाई दार लोटून बसलो. तव्यावर थोड्या वालाच्या शेंगा ओवा-मीठ लावून भाजल्या, स्टीलच्या वाट्यांत वाइन ओतली. अपेक्षाला हसू आवरेना. तेवढ्यात शेजारची कृष्णाबाई आत.

"अनिते, काय गो ह्या? पुंडलिक गेल्यावर तू पियाला लागलीस?"

"काकी, औषध हाय," अपेक्षा म्हणाली.

"मंग मला पन दे घोटभर. माझंच गुडघं तेवढं बरं हायत काय?"

ती ऐसपैस बसली. शेंग खाऊन लाल प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "शेंग पन कडू केलीन मेलीनं." पांढरीची वाटी मात्र तिनं पुसून काढली. मलाही तेच वाटलं होतं. वाल मुळात कडवट, त्याला लाल वाइनचा तुरटपणा जोडला की दोन्ही अंगावर येतात. पांढरी म्हणजे वरून लिंबू पिळल्यासारखी.

कृष्णाबाई गेल्यावर अपेक्षा वाट्या धुता धुता म्हणाली, "आई, साहेबांना लालच द्या. जेवन बिघडलं तर ते तुम्हाला बोलवायचे नाहीत. तुम्ही मावशींकडे जा. यांना मी बघते."

रंभा, ती पोर असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. मी तिला हो म्हटलं. दोन्ही रंगांच्या बाटल्या मागवल्या.

थर्टी फर्स्टला शेतात संध्याकाळी मडकं लावलं. तळाला भांबुर्डा, मग शेंगा, अंडी, पाल्यात बांधलेली कोंबडी, वर पुन्हा भांबुर्डा. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. साहेब आणि पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. मी बाटल्यांपाशी उभी होते आणि माझा हात लाल वाइनवर होता.

जितेश मडक्यापाशी उकिडवा बसला. पोपटी झाली का बघायला त्यानं ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं आणि चर्र वाजतं का ते मान तिरकी करून ऐकू लागला. तोंड किंचित उघडं. अगदी तुझ्या भावोजींसारखं. वडलांनंतरची त्यानं एकट्यानं लावलेली ती पहिली पोपटी. ती मी माझ्या हातानं कडू करायची?

मी पांढरी पुढं केली. अपेक्षानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पाहुणे बोटं चाटत होते. साहेबांनी ग्लास वर धरून विचारलं, "ही कुणी निवडली?"

"आमच्या आईनं," जितेश म्हणाला. माझ्याबद्दल इतक्या अभिमानानं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. आणि लगेच पुढं, "ती येईल की साहेब तुमच्याकडं. इथं तिला काय काम हाय?"

मी शेंगांची सालं गोळा करत होते. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नाही म्हणायची तीच वेळ होती, आणि मी विचारलं, "अजून अंडी वाढू का?"

जितेशचं काम होणार, साहेबांनी शब्द दिला आहे. शनिवारी मला न्यायला गाडी येईल. परवा जितेशनं मला खोली दाखवून आणली. भटारखान्याच्या मागं आहे, स्वच्छ आहे, पंखा आहे. खिडकी आहे ती भटारखान्यातच उघडते. सुट्टीचं विचारलं तर साहेबांचा माणूस म्हणाला, पाहुणे नसतील तेव्हा बघू. पाहुणे कधी नसतात, असं मी विचारलं. तो हसला.

जितेश वाईट नाही. घरी येताना त्यानं मला शाल घेतली. बापासारखाच दुकानात भाव न करता.

संक्रांतीला माझी वाट बघू नकोस. तू रागावशील, रागाव. मला सोडवायला कुणी यावं असंही मी म्हणत नाही, कारण दाराला कडी मीच लावली आहे आणि पुन्हा तशी वेळ आली तरी पांढरीच पुढं करीन. फक्त उत्तर लिही. ते आता रोह्याला नको, खांबला पाठव. पत्ता पाकिटाच्या मागं जितेशच्या अक्षरात आहे. माझ्या हातून तो लिहवला नाही.

तुझी,
अक्का