जमवलेली गाडी

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी बंदरात आली! गाडी म्हणजे साठ सालच्या सुमाराच्या एका इंग्लिश रेसिंग गाडीची नक्कल. कुठल्याशा इंग्रज म्हाताऱ्यानं आपल्या शेडमध्ये सुटे भाग जोडून ऑर्डरप्रमाणे बांधलेली. अंग फायबरचं, दोनच सीटा, छप्पर नाही. बाहरीनमध्ये, बिनछपराची! इथे जुलैत माणूस पार्किंगपासून लिफ्टपर्यंत जाईतो त्याचा पापड होतो. "हिवाळा असतो की," इति दत्तप्रसाद. माझा नवरा. वय पंचावन्न, उंची सहा फूट, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू.

समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं हळूहळू पुसत चाललंय. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवणं हळूहळू बंद करा. यानं त्यातलं 'हळूहळू' तेवढं ऐकलं. मी सत्तावीस वर्षं याच्या बाजूलाच बसतेय. आता वैद्यकीय दाखला मिळाला — बाजूचं दिसत नाही!

विनोद पुरे. इथल्या मराठी मंडळाच्या प्रहसनात खपेल, डायरीत नको. खरं लिहिते. ही गाडी ट्रॅफिकवाल्यांच्या तपासणीत पास झाली, नंबरप्लेट लागली, की हा ती चालवणार. आणि बाजूनं येणारा ट्रक याला दिसणार नाही. म्हणून माझी एकच इच्छा आहे: गाडी नापास व्हावी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पाठ धरलीय. गेल्या हिवाळ्यात यानं मला भिंतीला टेकवून, पाय लांब करून बसवलं आणि टेप घेऊन मापं घेतली — कंबर ते टाच, गुडघा ते टाच, खांदा ते मनगट. "तुझ्या पाठीसाठी मापाची खुर्ची करवून घेतो." ब्लाउजवाल्यानंसुद्धा कधी एवढी मापं घेतली नाहीत.

खुर्ची अजून आली नाही. गाडी आली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सीफच्या मॉलमध्ये पार्किंगच्या खांबाला आरसा घासला. "हा खांब मागच्या वेळी नव्हता," म्हणतो. खांब!

१५ नोव्हेंबर, शनिवार

"तूच का नाही घेत परत चालवायला?" आज पुन्हा. अरे, लायसन्स आहे — पर्समध्ये, गणपतीच्या फोटोशेजारी, दोन्ही सारखेच पूजनीय. हमद टाउनच्या राउंडअबाउटवर एका पिकअपनं ठोकलं त्या दिवशी किल्ली याच्या हातात दिली, ती दिलीच. आणि आमच्या या रणगाड्यात पाठीमागे उशी ठेवूनही माझे पाय धड पोचत नाहीत. तसं म्हटलं तर हसला. "पायांचंच अडलंय ना?" हसण्यासारखं काय त्यात?

ओजसला लंडनला फोन केला. बापाला समजाव म्हटलं. "आई, लेट हिम बी."

"मराठीत बोल."

"लेट हिम बी, ना."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी अडकली! कस्टम्समध्ये!

क्लिअरिंगचं काम नजीबकडे. दापोलीचा, आमच्या ओळखीचा, इथे वीस वर्षं हेच करतो. दुपारी त्याचा फोन — "वैनी, लोचा झाला. दत्ताभाय फोन उचलत नाय."

झालं असं. कागदावर 'रेप्लिका'. टायपिंगवाल्याला त्याचं अरबी करायचं होतं. "त्यानं मला विचारलान, रेप्लिका म्हंजे काय? मी बोललो, नकली. त्यानं लिवलान — तकलीद."

"मग?"

"मग काय वैनी, खलास! तकलीद म्हंजे बाजारातला खोटा माल. खोटी घड्याळा, खोट्या पर्सा. तसला माल परत धाडतात, नायतर मोडून टाकतात."

"अरे, पण तू नकली कशाला म्हणालास?"

"मग असली बोलू? मी काय खोटा बोलनार?"

फोन ठेवला आणि माझ्या तोंडून 'हुश्श' निघालं. मोठ्यानं. मग घरात कोणी ऐकलं नाही ना, म्हणून उगाच मागे वळून पाहिलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दत्तप्रसाद बोलत नाही. जेवतो, ऑफिसला जातो, येतो. सकाळी यानं स्वतः चहा गाळला, तो कपाशेजारी. ओट्यावरून खाली ओघळेपर्यंत कळलं नाही. मी फडकं घेतलं, बोलले नाही. बोलले नाही! मी!

तोच म्हणाला, "हेमा, मला ती एकदा रस्त्यावर बघायचीय गं. डोळे आहेत तोवर."

चालवायचीय म्हणाला नाही, बघायचीय म्हणाला. शब्दसुद्धा चुकायला लागलेत. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

मी काय केलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणावर ढकलता येणार नाही.

नजीबला फोन लावला. म्हटलं, नकलीला दुसरा शब्द काढ.

"वैनी, नकलीला नकलीच."

"अरे, त्या म्हाताऱ्यानं काय केलं? इंजिन कुठून आणलं, चाकं कुठून आणली, आणि एकत्र —"

"जोडला."

"हां! त्या जोडण्याला अरबीत काय म्हणतात?"

"तजमी. फॅक्टरीत पार्ट जोडतात ना, ता तजमी. जमा करतात, तसा."

जमा! "म्हणजे जमवलेली रे! लग्न जमवतात तशी!"

"या अल्ला," नजीब म्हणाला, "पाच दिवस मी झक मारतोय नि वैनींनी घरात बसून काढलान!" दुरुस्तीचा अर्ज देतो म्हणाला. इंशाल्ला होईल.

आमचंही तजमीच. वधूवर सूचक मंडळ, सदाशिव पेठ. इंजिन एका घरचं, अंग दुसऱ्या घरचं. पण नकली आहे असं कोणाला म्हणू देणार नाही.

आता झोप येत नाही. मीच माझ्या हातानं सोडवली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुटली. यार्डात बघायला गेलो. गडद हिरवी, बुटकी, डोळे वटारलेली. देखणी आहे मेली. दत्तप्रसाद तिच्याभोवती फिरला, अंगाला हात लावत लावत, गोठ्यात म्हशीभोवती फिरावं तसा.

"बसा ना दत्ताभाय!" नजीब.

"प्लेट लागू दे आधी."

सहा महिने जिच्यासाठी जीव टाकला तिच्यात बसायचं नाही? पण आनंदच झाला. जितके दिवस लांबेल तितके बरे.

४ डिसेंबर, गुरुवार

तपासणीत नापास!! स्पीडोमीटर मैलांत आहे, किलोमीटरमध्ये हवा. मागे रिफ्लेक्टर नाहीत. संध्याकाळी मी शिरा केला. "कशाबद्दल?" म्हणाला. म्हटलं, सहज. साजूक तूप जास्तच पडलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

नवा स्पीडोमीटर बसवून झालासुद्धा. शिरा वाया.

९ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा तपासणी. मी गेले. घरी बसून नखं खाण्यापेक्षा तिथे खाल्लेली बरी.

तपासणीवाला अहमद चांगला धिप्पाड. गाडीत उतरला — चढला म्हणता येत नाही — आणि गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट मागे सरकेना. खाली बोल्टनं पक्की केलेली! "हबीबी, ही गाडी कोणासाठी? लहान मुलांसाठी?" सगळे हसले. दत्तप्रसादही हसला, कान लाल झालेले. शेवटी त्यांची मुनीरा आली, माझ्याएवढीच चणीनं, तिनं फिरवून आणली. ब्रेक, दिवे, हॉर्न. चॅसीचा नंबर दोनदा ताडून पाहिला. मी डोळे मिटून नापास, नापास म्हणत होते.

पास.

नजीबनं याला मिठी मारली, मला म्हणाला, "वैनी, मिठाई!" मी हसले असेन.

११ डिसेंबर, गुरुवार

प्लेट लागली. गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे. उद्या सुट्टी, सकाळी रस्ते रिकामे असतात, तेव्हा पहिली फेरी. हा शर्टाला इस्त्री करतोय. बाहीची घडी बाजूला पडतेय, दिसत नाहीये त्याला.

किल्ली लपवावी? पाठदुखीचं सोंग? ओजसचा पुन्हा फोन — "डोन्ट स्पॉइल इट, आई." तुझा बाप आंधळा होतोय रे, आणि मी स्पॉइल करतेय!

ठरवलंय. मीही बसणार बाजूला. त्याला न दिसणारं मी बघेन, ओरडेन. नाहीतरी आयुष्यभर तेच केलंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

खाली गेलो. यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि स्वतः उजवीकडे जाऊन बसला, स्टिअरिंग नसलेल्या बाजूला, गुडघे छातीशी घेऊन. "चल."

"अरे, माझे पाय कुठे पोचायला!"

"बस तर."

बसले. क्लच. ब्रेक. दोन्ही पाय बरोब्बर टेकले. हात टेकले. पाठसुद्धा.

खुर्ची आली.