माझ्या वाटच्या चपात्या

आई, "कुणाचं हाय त्ये सांग, पुढचं म्या बगते," असं तू मला म्हणाली होतीस. माझं दहावीचं वर्ष होतं. मार्गासनीच्या आपल्या स्वयंपाकघरात तू माझ्यापुरत्या दोन चपात्या लाटत होतीस आणि मी चुलीपुढं बसले होते. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र परकराच्या नाडीवर आलेलं, आणि पाळी दोनचारदा येऊन बंद झालेली. मला आधी कळलंच नाही. "काय कुणाचं?" असं मी विचारलं, तेव्हा तू लाटणं माझ्या पोटाला टेकवलंस. "ह्ये." मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं, मार विसरता येतो.

वेल्ह्याच्या दवाखान्यात सगळे ओळखीचे, म्हणून तू मला भोरला नेलंस. एसटीत शेजारच्या गावची म्हातारी भेटली. "लेकीला घिऊन कुठं ग?" तू म्हणालीस, "डोळं दावायचं हायेत, मावशे." "डोळं व्हय? मला वाटलं प्वाट. लई सुटलंय की पोरीचं." तू मांडीवरची पिशवी माझ्या पोटावर ठेवलीस. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि तुझ्यावरच चिडल्या. "तसलं काही नाही हिला. अंगात रक्त नाही पोरीच्या. चांगलंचुंगलं खायला घाला." चांगलंचुंगलं म्हणजे आपल्याकडं गहू. भात आणि नाचणी शेतातली, ती कुणाच्याही ताटात पडायची. गहू बाजारातून आणायचा, तो पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. त्या दिवशी घरी आल्यावर माझ्या दोनाच्या चार चपात्या झाल्या आणि वर तूप आलं. तू, बाबा आणि दादा नाचणीची भाकरी खाताय. दादा म्हणतो, "आलं बगा राणीसायबांचं ताट." "तुज्या का पोटात दुकतंय?" असं तू त्याच्यावर खेकसतेस. माझ्याशी बोलत नाहीस. चुकलं म्हणत नाहीस. नुसती तूप वाढत राहतेस, आणि मी खात राहते.

मला त्या चपात्यांची फार ओढ होती. शाळेतून येताना चढावरच तव्याचा वास यायचा, घरी चूल पेटलेली नसली तरी. खाल्लं की पोट ताणायचं, परसाकडं पळावं लागायचं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तीच हवी असायची. "खाती गव्हाचं आन् दिसती दुष्काळाची," असं तू आल्यागेल्याला सांगायचीस, आणि आलेगेले हसायचे.

माझी चाळिशी उलटल्यावर पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, सीलियाक. गहू माझं आतडं आतून खरवडत होता. पोट त्यामुळं फुगलेलं होतं आणि पाळीही त्यामुळंच थांबली होती. मग एवढी ओढ कशी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, गव्हातलं प्रथिन पचताना त्याचे काही तुकडे अर्धवट राहतात आणि त्यातल्या काहींची ठेवण अफूतल्या द्रव्यासारखी असते. अफू पेशींना जिथं चिकटते, तिथंच प्रयोगशाळेत तेही जाऊन चिकटतात. "पण तुमची ओढ त्यामुळंच होती, असं मी म्हणणार नाही. माणसाच्या रक्तात ते किती उतरतात, काय करतात, याची अजून कुणाला खात्री नाही." मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र तेच खरं असावं असं मला वाटत राहिलं. कारण ते खरं नसेल, तर मी त्या चपात्या तुझ्या हातच्या म्हणून खात होते, आणि हे मला जास्त लागतं.

तुला माहीत नव्हतं. तेव्हा आपल्याकडं कुणालाच नव्हतं. स्वतः नाचणी खाऊन तू मला गहू घातलास आणि त्यानंच मी वाळत गेले, याबद्दल कुणावर रागवायचं? गव्हाबद्दलचा राग मी केव्हाच सोडून दिला. पण "कुणाचं हाय त्ये सांग" हे वाक्य काही गव्हानं तुझ्या तोंडात घातलं नव्हतं. ते तुझं होतं. नंतर तू कितीतरी वर्षं जगलीस, माझ्या लग्नात रडलीस, आजारपणात माझ्या हातून पाणी प्यायलीस, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पण पितृपंधरवड्यात तुझा म्हाळ आहे आणि मी गावी जाणार आहे. दरवर्षी वहिनी पुरणपोळीचा निवद पत्र्यावर ठेवते आणि कावळा झडप घालतो. गव्हाचं तुला कधी पोटभर मिळालं नाही ना. कावळा शिवला नाही, तर लोक हात जोडून मेलेल्याला विचारतात, तुझं काय राहिलंय? यंदा पान मी वाढणार आहे आणि राहिलेलं माझं आहे. पानावर नाचणीची भाकरी असेल. ते वाक्य मागं घेणार असशील, तर तिला शिव. तू शिवायची नाहीस, मला ठाऊक आहे. जन्मभर नाचणीच खाल्ली, आता तरी गव्हाचं घाल की सटवे, म्हणून पत्र्यावर फणफणत बसशील. म्हणून वहिनीला पुरणपोळीही करून ठेवायला सांगितलीय, तू उपाशी जाऊ नयेस एवढ्यासाठी. पण आई, आधी भाकरीला शिव.