माझ्या नावाचा भामटा

सोलापूर, शुक्रवार

चि. सौ. नागव्वास दादाचे अनेक आशीर्वाद. अक्कलकोटात तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? (हे खरोखर मीच विचारतोय. अक्षर बघ.)

शरणबसवच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव व्याह्यांच्या चुलत्यांखाली छापलं म्हणून मी न जेवता निघून आलो, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. निदान माझं तरी. कारण कुणा भामट्यानं सोशल मीडियावर माझं नाव आणि चष्म्याच्या दुकानातला माझा फोटो लावून महिनाभर तुझ्याशी गप्पा मारल्या, हे परवा धनलक्ष्मीनं फोन करून सांगितलं. (पोरगी मामाशी बोलते म्हणून तिला रागावू नकोस.) शेवटी त्यानं दवाखान्यासाठी पाच हजार मागितले आणि तू लिहिलंस, घरी ये, जेव, मग देते. त्यावर तो जो गप्प झाला तो झालाच. आधी जेवायला बसवणारं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नसावं.

मी कंपनीकडे तक्रार केली. पण त्यानं माझ्याआधीच माझी तक्रार केली होती, त्यामुळे तोतया म्हणून माझंच खातं बंद झालं. मग पोलिसांत गेलो. हवालदार मानसिंग, भला माणूस. म्हणाला, "काका, पैसं गेलं का?" म्हटलं, नाही. "मग गेलं काय?" गुन्हा आहेच म्हणाला, पण कंपनी परदेशात, सिमकार्ड तिसऱ्याच राज्यातल्या एका मयत माणसाच्या नावावर, आणि वर तुझा जबाब पाहिजे, मोबाईलसकट. म्हणजे 'दादा माझ्याशी कधी बोललाच नाही', असं तू माझ्या बाजूनं सांगायचं.

धनलक्ष्मीनं ते सगळं बोलणं मला पाठवलं. तो दाजींची शुगर विचारतो, शेंगाचटणी कुटून झाली का विचारतो. चोर आहे, पण भाऊ म्हणून माझ्यापेक्षा बरा निघाला. वाचताना लाज वाटली, नागव्वा.

तरी सोमवारी मोबाईल घेऊन सोलापूरला यावंस.

तुझा, खराखुरा,
गुरुशांत

ता. क. धनलक्ष्मी म्हणते, तू पहिल्याच दिवशी ओळखलं होतंस. दादा आपणहून आधी कधी बोलत नाही, म्हणून. मग महिनाभर कशाला बोलत बसलीस, असं तिनं विचारलं, तर तू म्हणालीस म्हणे, "दादाचं नाव तरी रोज दिसतंय की."

आणखी एक. जबाबाचं राहू दे. सोमवारी सकाळच्या एसटीनं मीच येतो. दार तेवढं उघड.